दृश्य, नाव आणि पाहुणा : घोड नदीच्या खोऱ्यातील सहली व छायाचित्रण यांविषयी एक नैतिक विचार

१

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी घोडेगावच्या पश्चिमेकडील रस्त्यावरची वर्दळ वाढते. मंचर, घोडेगाव, शिनोली, डिंभे अशी गावे मागे टाकीत हा रस्ता भीमाशंकरकडे चढत जातो. डिंभ्यापाशी घोड नदी अडवलेली आहे. तेथून पुढे काही अंतर रस्त्याच्या सोबतीला जलाशय असतो, आणि जलाशयापलीकडे ढगात शिरलेल्या सह्याद्रीच्या रांगा. उतारांवर भातखाचरे, मध्येच हिरड्याची झाडे, पाण्यावर धुके. प्रवासी गाड्या थांबवतात, कॅमेरे आणि मोबाइल बाहेर निघतात. असे छायाचित्र ज्याच्याजवळ नाही असा या भागातला सहलकरी आता सापडणे कठीण आहे. प्रस्तुत लेखकाजवळही ते आहे.

काही वर्षांपूर्वी परतीच्या वाटेवर शिनोलीत चहाच्या टपरीवर बसलो असताना कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते छायाचित्र मी सोबतच्या मित्राला दाखवीत होतो. शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ वाकून पाहू लागले. ‘कुठलं म्हणायचं हे, पाव्हणं?’ त्यांनी विचारले. डिंभ्याचे पाणी, असे मी सांगितले. त्यांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला, बराच वेळ निरखला आणि डाव्या कोपऱ्यात, जेथे पाण्यावरच्या उजेडाखेरीज काहीही नव्हते, तेथे बोट ठेवले. ‘हितं आमची येस व्हती. ह्या अंगाला वढा. आन् ह्ये तुमी काळं दावलंय न्हवं, तिथवर शिवार.’ बोलण्यात तक्रार नव्हती, गहिवरही नव्हता. नकाशा वाचून दाखवणाऱ्याचा सूर होता. मला जेथे केवळ प्रकाशाचा एक पट्टा दिसत होता, तेथे त्यांना एक संपूर्ण गाव दिसत होते.

या प्रसंगाने जो प्रश्न निर्माण केला तो वैयक्तिक संकोचापुरता असता, तर त्याची येथे चर्चा करण्याचे कारण नव्हते. ते छायाचित्र काढण्यात माझे काही चुकले होते का? चुकले असल्यास ती चूक कोणत्या जातीची? ज्ञानाची, आस्वादाची, की नीतीची? सौंदर्यानुभव स्वायत्त आहे की इतर मानवी व्यवहारांशी बांधलेला आहे, हा आपल्या समीक्षेचा जुना प्रश्न. मर्ढेकरांपासून पाटणकरांपर्यंत आणि त्यानंतरही तो बहुधा कलाकृतींच्या संदर्भात चर्चिला गेला. सहलीला निघालेल्या सामान्य माणसाच्या पाहण्यातही तोच प्रश्न दडलेला असतो, आणि तेथे तो अधिक अडचणीच्या रूपात समोर येतो. कारण कलाकृतीला निदान कलाकृतीपणाचे संरक्षण असते; रस्त्याकडेला थांबून काढलेल्या छायाचित्राला तेही नसते.

२

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे उपलब्ध आहेत. पहिले सौंदर्यवाद्याचे. पाणी सुंदर आहे की नाही एवढाच प्रश्न आहे. ते कोणी, का आणि कोणाला उठवून अडवले, हा वेगळा प्रश्न असून त्याचे उत्तर पाटबंधारे खात्याच्या दप्तरात शोधावे. या भूमिकेला मोठा आधार आहे. कांटने आपल्या १७९० च्या सौंदर्यविषयक ग्रंथाच्या आरंभीच राजवाड्याचे उदाहरण घेतले आहे. एखादा राजवाडा सुंदर आहे का असे विचारल्यावर कोणी म्हणेल की, लोकांचा घाम अशा निरुपयोगी वस्तूंवर खर्च करणाऱ्या बड्यांचा मला तिटकारा आहे. कांट हे म्हणणे खोटे ठरवीत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे, इतकेच सांगतो. सौंदर्यवाचक निर्णयात वस्तूच्या अस्तित्वाविषयी आस्था असता कामा नये. १९१२ मध्ये बुलोने मानसिक अंतराची कल्पना मांडताना समुद्रावरच्या धुक्याचे उदाहरण दिले, तेही याच दिशेचे: जहाजाला असलेला धोका क्षणभर बाजूला सारता आला तरच धुके सुंदर दिसते.

दुसरे उत्तर नीतिवाद्याचे. ज्या पाण्याखाली घरे बुडाली त्या पाण्याचे कौतुक करणे ही निष्ठुरता होय. तेथे कॅमेरा उघडूच नये. हे उत्तर ऐकायला उदात्त वाटते, परंतु फार पुढे नेता येत नाही. या न्यायाने कोयना, पानशेत, मुळशी, भंडारदरा यांपैकी कोणत्याच पाण्याकडे पाहता येणार नाही. किंबहुना ज्या भूमीवर कधीच कोणी कोणाला हुसकावले नाही अशी भूमी शोधत राहावे लागेल. शिवाय त्यात एक सूक्ष्म अहंकारही आहे. मी पाहिले नाही म्हणजे माझे हात स्वच्छ राहिले, असा तो समज असतो. डिंभे धरण कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही बाकीची चार. या प्रकल्पाच्या पाण्याने जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागाप्रमाणेच शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, करमाळा अशा अवर्षणप्रवण तालुक्यांतली शेती भिजते. त्या शेतीतले धान्य आणि साखर खाणारा माणूस जलाशयाकडे पाठ फिरवून निर्दोष कसा ठरेल?

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवले. अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद या दोन टोकांपैकी कोणतेही एक टोक सोडले तर सौंदर्यव्यवहाराचे चित्र अपुरे राहते, ही त्यांची भूमिका येथे उपयोगी पडते. मात्र दोन्ही ध्रुव मान्य आहेत एवढे म्हणून विशिष्ट प्रसंगी काय करावे हे कळत नाही. त्यासाठी कांटच्याच दुसऱ्या एका भेदाकडे वळावे लागते: स्वायत्त आणि परायत्त सौंदर्याच्या भेदाकडे. फूल सुंदर आहे असे म्हणताना फूल म्हणजे काय, ते कशासाठी असते, याची संकल्पना गृहीत धरावी लागत नाही. इमारत सुंदर आहे असे म्हणताना मात्र ती काय आहे याची कल्पना निर्णयात शिरतेच.

आता डिंभ्याच्या पाण्याचे काय? आपण त्याला सहजपणे तळे म्हणतो, सरोवर म्हणतो, इंग्रजी वळणाने लेक म्हणतो. असे म्हणताना आपण त्याला निसर्गाच्या, म्हणजे स्वायत्त सौंदर्याच्या, प्रांतात नेऊन ठेवतो. वस्तुतः ते बांधकाम आहे. त्याला हेतू आहे, आराखडा आहे, पाणीसाठ्याची पातळी आहे, बुडीत क्षेत्र आहे. ते राजवाड्याच्या बाजूचे आहे, फुलाच्या बाजूचे नाही. आपली पहिली चूक म्हणून नीतीची नसून वर्गीकरणाची आहे: एका जातीच्या वस्तूला आपण दुसऱ्या जातीच्या नावाने हाक मारली.

निसर्गसौंदर्यात आपल्याला जो बौद्धिक रस वाटतो त्याविषयी लिहिताना कांटने आणखी एक उदाहरण दिले आहे. एका यजमानाने पाहुण्यांना खूश करण्यासाठी झुडपात एक पोरगा लपवून बुलबुलाचा आवाज काढायला लावला. जोवर माहीत नव्हते तोवर सगळे तल्लीन होऊन ऐकत राहिले. कळल्यावर तोच आवाज कोणाला ऐकवेना. आपल्या प्रसंगाचे वैशिष्ट्य असे की, येथे तसे घडत नाही. शिनोलीतल्या त्या गृहस्थांनी पडद्यावर बोट ठेवल्यानंतरही छायाचित्रातला प्रकाश होता तसाच सुंदर राहिला. ज्ञानाने आस्वाद नष्ट झाला असता तर प्रश्न सोपा होता. तो नष्ट होत नाही, हीच खरी अडचण आहे.

३

ही अडचण आपल्यापुरती नाही. अठराव्या शतकात इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरील वाय नदीत होडीतून सहली काढण्याची रीत सुरू झाली, तेव्हा ती प्रथम ठळकपणे दिसली. विल्यम गिल्पिनने १७७० मध्ये केलेल्या प्रवासाचे निरीक्षण १७८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘चित्रवत’ दृश्य कसे ओळखावे याचे ते जणू पाठ्यपुस्तकच ठरले. टिंटर्नच्या भग्न मठाविषयी लिहिताना, भिंतींचे काही कोपरे हातोडीने जरा समजून फोडले तर दृश्य अधिक चांगले होईल, असे त्याने सुचवले आहे. मात्र याच गिल्पिनने त्या भग्नावशेषांत आसरा घेतलेल्या भिकाऱ्यांचे हाल आणि जवळच चालणारे लोखंडाचे कारखानेही नोंदवले आहेत. वर्ड्‌स्वर्थने १७९८ मध्ये याच परिसरावर जी प्रसिद्ध कविता लिहिली, तिच्यात मठ नाही, कारखाने नाहीत. भटक्यांचा एक ओझरता उल्लेख तेवढा आहे. १९८६ मध्ये मार्जरी लेव्हिन्सन यांनी या गाळण्यावर बोट ठेवले. कवितेची आत्मिक शांती या गोष्टी दृष्टीआड केल्यामुळेच शक्य झाली, असा त्यांचा निष्कर्ष. नवइतिहासवादी समीक्षेचा तो एक गाजलेला नमुना. त्यावर आक्षेपही तितक्याच जोरात घेतले गेले. कवितेत जे नाही त्यासाठी तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, तर कोणती कविता सुटेल?

हा आक्षेप मला कवितेच्या बाबतीत बराचसा मान्य आहे. कविता जगाचा पंचनामा करण्याचे वचन देत नाही. मनात घडलेली गोष्ट सांगण्याचे ती कबूल करते, आणि तेवढ्यापुरतीच तिला जबाबदार धरता येते. छायाचित्राचे तसे नाही. छायाचित्राला आपण पुरावा म्हणून वागवतो. ‘हे असे होते’ अशी ग्वाही देणे हेच छायाचित्राचे सार असल्याचे रोलाँ बार्थने ‘कॅमेरा ल्युसिडा’त (१९८०) मांडले. जलाशयाचे छायाचित्र कोणती ग्वाही देते? येथे पाणी होते, डोंगर होते, धुके होते. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. आणि या खरेपणामुळेच त्याखाली जे होते ते अधिक घट्ट झाकले जाते. चित्रकाराने गाव वगळले तर त्याने वगळले असे म्हणता येते. कॅमेऱ्याने वगळले असे कोणी म्हणत नाही. गिल्पिनला हातोडीची इच्छा झाली. आपली चौकट हातोडीवाचूनच ते काम करते.

वॉल्टर बेंजामिनने हे फार लवकर ओळखले होते. जर्मन छायाचित्रकार आल्बर्ट रेंगर-पाट्श याचे ‘जग सुंदर आहे’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक १९२८ मध्ये निघाले. १९३४ च्या एका निबंधात बेंजामिनने त्यावर टीका करताना म्हटले की, हे छायाचित्रण दारिद्र्यालाही आस्वादाची वस्तू बनवते. धरणाविषयीसुद्धा, जग सुंदर आहे, यापलीकडे ते काही सांगू शकत नाही. धरणाचे उदाहरण त्याने सहज घेतले असावे, पण डिंभ्याच्या काठी ते वाचताना दचकायला होते. त्यावर त्याने सुचवलेला उपाय साधा होता: छायाचित्राखालची ओळ. तीन वर्षे आधी, छायाचित्रणाच्या इतिहासावरील टिपणात, ही ओळच छायाचित्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरणार नाही का, असा प्रश्न त्याने विचारला होता.

म्हणजे प्रश्न नावाचा आहे.

४

नाव आणि प्रतिमा यांच्या नात्याचा विचार करण्यासाठी या परिसराइतके योग्य ठिकाण क्वचितच असेल. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुलाच्या व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे हे काम मानले जाते. प्रत्येक प्रतिमेच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत नाव होते: सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार, महारठी. आज प्रतिमा नाहीत. पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, आणि वर नावे. जे डोळ्यांसाठी घडवले ते गेले. जे वाचण्यासाठी लिहिले ते टिकले. त्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर आपण रिकाम्या दगडाकडे पाहतो, पण रिकामा दगड पाहत नाही, कारण नावे आपल्याला तेथे कोण होते ते सांगतात.

घोड नदीच्या खोऱ्यातही अशीच एक रिकामी जागा आहे. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते मूळ आंबेगाव डिंभे जलाशयात बुडाले आहे. तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव. सात-बाराच्या उताऱ्यावर, निवडणुकीच्या यादीवर, शाळेच्या दाखल्यावर ‘तालुका आंबेगाव’ असे रोज लिहिले जाते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाही आपण एका बुडालेल्या गावाचा उच्चार करीत आहोत याची जाणीव बहुधा नसते. नाणेघाटात नाव प्रतिमेची आठवण ठेवते. येथे नाव इतके वापरात आहे की आठवण पुसली गेली आहे. नाव टिकले म्हणजे स्मृती टिकली असे होत नाही, ही पहिली सावधगिरी.

दुसरी सावधगिरी जलाशयाच्या अधिकृत नावाविषयी. त्याला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव दिलेले आहे. बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा, मुंबईतील गिरणी कामगार. परदेशी मालाची वाहतूक रोखताना १२ डिसेंबर १९३० रोजी मालमोटारीखाली त्याचा बळी गेला. या नावाचे औचित्य निर्विवाद आहे. तरीही नामकरणाने काय साधते तेही पाहिले पाहिजे. एका गरीब माणसाच्या स्वेच्छेच्या त्यागाचे नाव ज्या पाण्याला मिळाले, त्या पाण्यासाठी इतर गरीब माणसांनी जे सोडले ते त्यांच्या इच्छेने सोडलेले नव्हते. एकच शब्द, ‘त्याग’, दोन्हींना लावला की फरक बुजतो. छायाचित्राखालची ओळही कधीकधी असेच झाकण्याचे काम करते.

मग खरी ओळ कोणती? येथे साहित्याला, आणि सामाजिक शास्त्रांनाही, छायाचित्रापेक्षा अधिक करता आलेले आहे. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. घर, गोठा, भावकी, देव, बाजार यांतले काय काय मोडते हे तीत मोजून दाखवले आहे. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) ही कादंबरी धरणग्रस्तांचीच. तिच्यातल्या कलात्मक उणिवांविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु बुडीत क्षेत्र, भरपाई, पुनर्वसन अशा कार्यालयीन शब्दांच्या आत माणसे परत वसवण्याचे काम तिने केले, हे नाकारता येत नाही. छायाचित्र वर्तमानाच्या एका क्षणात अडकलेले असते. कादंबरीजवळ ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ असतात. ‘हितं आमची येस व्हती’ या वाक्यातले ‘व्हती’ हे क्रियापद कॅमेऱ्याला काढता येत नाही.

येथे एका विषमतेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. मला तीच या प्रश्नाचा गाभा वाटते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ही गावे उठली, तेव्हा कॅमेरा ही डोंगरातल्या घराघरातली वस्तू नव्हती. वेशीचे, ओढ्याचे, शिवाराचे छायाचित्र काढून ठेवण्याची सोय ज्यांचे ते होते त्यांना बहुधा नव्हती. आज त्याच जागेची असंख्य छायाचित्रे निघतात, आणि ती काढणाऱ्यांनी तेथे काहीही गमावलेले नाही. ज्यांनी गमावले त्यांच्याजवळ चित्र नाही. ज्यांच्याजवळ चित्रे आहेत त्यांनी गमावले नाही. एकेकट्या छायाचित्रकाराचा यात दोष नाही. पण न्यायाचा प्रश्न नेहमी एकेकट्याच्या दोषाचा नसतो. प्रतिमांचे वाटपही पाण्याच्या वाटपासारखे विषम असू शकते, आणि जो लाभाच्या बाजूला उभा आहे त्याच्यावर निदान ते ओळखण्याची जबाबदारी येते.

५

नावाची ओळ जोडली की प्रश्न सुटला, असे वरच्या विवेचनावरून कोणाला वाटेल. याच खोऱ्यातील माळीण त्याला आडवे येते.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला. महादेव कोळी समाजाची ही छोटी वस्ती. १५१ माणसे मृत्यू पावली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, आणि तेव्हा बाहेरच्या जगाला बातमी कळली. पाहण्याचा एवढा भयंकर आणि एवढा उपकारक प्रसंग दुसरा सांगता येणार नाही. त्या चालकाला ‘नसणे’ दिसले, कारण तो रोज येणारा होता. तेथे काय असायला हवे हे त्याला ठाऊक होते. पहिल्यांदाच आलेल्या हौशी छायाचित्रकाराला तेथे चिखलाचा उतार आणि ढग दिसले असते, कदाचित सुंदरही वाटले असते.

परंतु त्यानंतर माळीण हे नाव सर्वतोमुखी झाले. २०१७ मध्ये आमडे येथे नवे गाव वसवले गेले. जुन्या जागी स्मारक झाले. आता भीमाशंकरला जाणारा एखादा प्रवासी वाट वाकडी करून तेथे जातो तो नाव माहीत असल्यामुळेच. त्याच्या छायाचित्राखाली ओळ असते, तारीख असते, मृतांचा आकडाही असतो. डिंभ्याच्या काठी नाव नसल्यामुळे जे बिघडले, ते येथे नाव असूनही बिघडू शकते, कारण नावच आकर्षण झालेले असते. दुसऱ्याच्या यातनांच्या प्रतिमांविषयी सुसान सोंटॅग यांनी २००३ मध्ये लिहिताना स्वतःच्याच १९७७ च्या काही मतांना मुरड घातली. प्रतिमांच्या अतिरेकाने संवेदना बोथट होतात हा सरसकट निष्कर्ष त्यांनी मागे घेतला. अशा प्रतिमा निदान विचाराला आमंत्रण देऊ शकतात, असे मानले. ते खरे आहे. पण आमंत्रण स्वीकारले जाईलच याची हमी ना प्रतिमा देते, ना तिच्याखालची ओळ.

म्हणून ज्ञान आवश्यक आहे पण पुरेसे नाही, असे म्हणावे लागते. नावाच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते. तिला मी नाते म्हणेन. आपल्या आईच्या बालपणीच्या ज्या छायाचित्राभोवती बार्थने आपले पुस्तक रचले, ते छायाचित्र त्याने पुस्तकात छापले नाही. इतरांना ते हजारो छायाचित्रांपैकी एक वाटले असते, हे त्याचे कारण. न दाखवणे हीही छायाचित्राच्या बाबतीत एक नैतिक कृती असू शकते, हे त्यावरून ध्यानात येते. कोणते चित्र कोणाला दाखवायचे आणि कोणते नाही, हे चित्रातल्या रेषांवरून ठरत नाही. चित्रातील वस्तूशी आपले काय नाते आहे यावरून ठरते.

६

असे नाते सहलीला आलेल्या माणसाला असू शकते का? तो तर सायंकाळी परतणार. येथे आपल्याच भाषेतला एक शब्द मला वाट दाखवतो. शिनोलीतल्या गृहस्थांनी मला ‘पाव्हणं’ म्हटले. पाहुणा आणि पाहणे या शब्दांतले ध्वनिसाम्य फसवे आहे. पाहुणा हा शब्द संस्कृत ‘प्राघुण’, ‘प्राघूर्ण’ यांच्याकडून आला. पाहण्याशी त्याचा व्युत्पत्तीचा संबंध नाही. परंतु जो फरक व्युत्पत्तीत आहे तो व्यवहारातही आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. पाहणाऱ्याला कोणी विचारले नाही तरी चालते. तो अदृश्य राहूनच पाहू इच्छितो. पाहुणा मात्र स्वतः पाहिला जातो. ‘कुठलं पाव्हणं?’ हा प्रश्न त्याला विचारला जातो, आणि आधी स्वतःचे गाव, आपण कोणाचे कोण, हे त्याला सांगावे लागते. तो घरात हिंडतो, पण सगळ्या घरात नाही. तो कौतुक करतो. कौतुक न करणे हाही पाहुण्याचा उद्धटपणाच ठरतो. आणि तो परत जातो, हा त्याचा दोष मानला जात नाही. स्थानिक नसणे हा अपराध नव्हे. आपण पाहुणे आहोत हे विसरणे हा अपराध आहे.

पाहुण्याच्या या कल्पनेतून सौंदर्यवादी आणि नीतिवादी या दोघांनाही उत्तर मिळते. सौंदर्यवाद्याला हे की, पाहणे कधीच निनावी नसते. पाहणारा कोठून तरी आलेला असतो, आणि त्या कोठूनचा जलाशयाशी संबंध असू शकतो. नीतिवाद्याला हे की, कौतुक करण्यास बंदी नाही. उलट नीतिवाद्याचा एक आवडता हेका येथे सोडावा लागतो. धरणग्रस्ताच्या चेहऱ्यावर कायमचे दुःख रंगवण्याचा हा हेका त्याला दुसऱ्यांदा विस्थापित करतो. या खोऱ्यातील लोक जलाशयाच्या काठी आजही राहतात. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत त्यांनी गाळपेराची पिके घेतली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीने आदिवासींनी याच पाण्यावर मासेमारीचा हक्क मिळवण्यासाठी धडपड केली. ज्या पाण्याने बुडवले त्या पाण्याशी त्यांनी नवा व्यवहार मांडला आहे. त्यांना ते पाणी कधीच सुंदर दिसत नसेल, असे आपण कोणत्या अधिकाराने ठरवायचे?

त्या दिवशी शिनोलीत पुढे जे घडले ते आता सांगितले पाहिजे, कारण माझ्या विवेचनाला ते पूर्णपणे अनुकूल नाही. वेशीची जागा दाखवून झाल्यावर त्या गृहस्थांनी कॅमेरा परत केला आणि विचारले, ‘मोठा निघतो का ह्यो फोटू?’ निघतो म्हटल्यावर म्हणाले, ‘मग आमच्या नातवाचा काढा पुढच्या टायमाला. तिथंच हुबा करू, मागं पानी येऊ द्या.’ मला वाटले होते की त्यांना बुडालेल्या गावाची खूण म्हणून ते चित्र हवे असेल. त्यांना नातवाचे हवे होते, आणि मागे ‘छान’ दिसावे म्हणून पाणी. पार्श्वभूमी म्हणून मी जे वापरले तेच त्यांनाही वापरायचे होते. फरक एवढाच की, त्या पार्श्वभूमीत वेस कोठे आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि नातवाला ते केव्हातरी सांगणार होते.

हा फरक लहान आहे, परंतु प्रस्तुत प्रश्नाचे जे काही उत्तर मला देता येते ते त्यातच आहे. माझ्या छायाचित्रातली चूक सौंदर्य पाहण्याची नव्हती. निसर्ग आणि बांधकाम यांत गल्लत केली, ही वर्गीकरणाची चूक होती. आणि ती दुरुस्त करण्याची सोय हाताशी असताना, दोन शब्द विचारण्याइतका अवधी असताना, विचारले नाही, ही नीतीची. अज्ञान हा दोष नाही. जेथे विचारता येते तेथे न विचारणे हा दोष आहे. विचारल्यानंतरही चित्र तेच राहील, प्रकाश तोच राहील, आणि माळीणसारख्या ठिकाणी विचारणे हेच अनेकदा कॅमेरा बंद ठेवण्याचे कारण ठरेल. विचारण्याचा नियम करता येत नाही. प्रत्येक ठिकाणी पाहुण्याला तो नव्याने पाळावा लागतो.

पुढच्या खेपेस मी गेलो तेव्हा ते गृहस्थ टपरीवर नव्हते. मी कोणाकडे चौकशी केली नाही. वर मांडलेल्या नियमाचा भंग येथे मीच केला आहे, याची नोंद केल्यावाचून हा लेख संपवणे प्रामाणिक ठरणार नाही.